कोपऱ्यापर्यंत सोडायला

ग्लेंडा ऑर्मरॉडच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत आहे, आणि तीही एकपदरी विटेची. एकतीस वर्षं झाली. तिच्याकडे कपाटाचं दार आपटलं की माझ्याकडे देवाचा फोटो हलतो. माझी फोडणी करपली की ती पलीकडून भिंतीवर चमचा वाजवते. ती पडली की मला कळतं. आधी धप्प, मग शिवी. शिवी ऐकू आली तर मी निवांत असते. शिवी आली नाही, तर हातातलं टाकून तिची किल्ली घ्यायची आणि पळायचं.

आमचं नेल्सन हे इंग्लंडातल्या लँकशरमधलं गिरण्यांचं गाव. गिरण्या गेल्या, गाव राहिलं. मी मूळची इचलकरंजीची. माझे यजमान इथे माग बसवायला आले होते. तेच माग भंगारात जाताना त्यांनी पाहिले आणि मग तेही गेले. ग्लेंडा इथलीच, याच गल्लीत जन्मलेली. तिची बोली अशी ठसठशीत, की लंडनच्या माणसाला ती दोनदा ऐकावी लागते. माझ्या कानाला मात्र ती पहिल्या दिवसापासून थेट आमच्या इचलकरंजीच्या बाजारातली वाटली. म्हणून इथेही ती तशीच बोलेल.

सोळाव्या वर्षी ती सपाता शिवायच्या कारखान्यात लागली. पुढे शाळेच्या स्वयंपाकघरात आली, तिथे आम्ही जोडीला होतो. माझ्या हातच्या ग्रेव्हीला पहिल्या दिवशी तिने "भिताडाला लावायचा चुना" म्हटलं होतं. एक्केचाळिसाव्या वर्षी एका दुपारी तिच्या हातून कस्टर्डची परात पडली. सगळे हसले, तीसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा पडली, तेव्हा कुणी हसलं नाही. दुखण्याचं नाव निघालं मल्टिपल स्क्लेरोसिस. वायरवरचं रबर झिजावं तसं शरीरातल्या नसांवरचं आवरण झिजत जातं. एक दिवस पाय ऐकतात, दुसऱ्या दिवशी ओळखही दाखवत नाहीत. डॉक्टरने सांगितलं, हे बरं होणारं नाही. दोन वर्षांनी तिचा नवरा रॉय गेला. मूलबाळ नव्हतं.

दुसरी एखादी असती तर पलंगाला खिळली असती. ग्लेंडाने काय केलं, तर क्लाइव्ह नावाच्या माणसाच्या नळ-पाइपांच्या दुकानात काउंटरवर नोकरी धरली. आठवड्यातले चार दिवस, सकाळची वेळ, बसून काम. वर्षभरात तिला दुकानातला प्रत्येक नट तोंडपाठ झाला. एखादा प्लंबर फोनवर "ते वाकडं असतं ना, आतून आटे असलेलं" एवढंच म्हणाला, की ही बसल्या जागी खणाचा नंबर सांगायची. आणि वर विचारायची, "मागच्या येळंस नेलंस ते कुटं बुडवलंस रं?" प्लंबर तिला टरकून असत आणि नाताळात तिच्यासाठी चॉकलेटचे डबे आणत.

पण हे दुकान गावाबाहेर, मोठ्या रस्त्याला लागून असलेल्या वसाहतीत. तिथे बस जात नाही. ग्लेंडा जायची ती तिच्या छोट्या लाल गाडीतून. ब्रेक आणि वेग दोन्ही हातांनी चालवायची सोय असलेली गाडी. अपंगांसाठी सरकारचा जो भत्ता असतो, त्यातला चालता न येणाऱ्यांचा भाग वळता करून ही गाडी मिळते. भत्ता आहे तोवर गाडी. भत्ता मंजूर झाल्याचा कागद तिने बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवला होता. त्यावर मुदतीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'कायम'.

मग नियम बदलले. जुना भत्ता बंद, नवा सुरू, आणि ज्यांना 'कायम' दिलं होतं त्यांचीही नव्याने तपासणी. पूर्वी पन्नास मीटर चालता येत नसेल तर गाडीपुरता भत्ता मिळायचा. नव्या नियमात पन्नासचे वीस झाले. रोग कमी झाला नाही, मीटर कमी केले. कारण काय, तर म्हणे खोटे अपंग फार माजलेत, त्यांना पकडायचंय. असतीलही दोन-चार. पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ही तऱ्हा मी तिकडेही पाहिली होती आणि इकडेही पाहिली. फरक एवढाच, की इकडे फाशीच्या आधी फार सभ्य भाषेत पत्र येतं.

वीस मीटर म्हणजे आमच्या गल्लीतली साडेचार घरं.

लायब्ररीत गुरुवारी सल्ला द्यायला फरीदा बसते. इथलीच, हुशार, वकिलीचं शिकलेली. मी ग्लेंडाला तिच्याकडे घेऊन गेले. फरीदाने अर्ज वाचला आणि कपाळाला हात लावला.

"ग्लेंडा, हे काय लिहिलंयत? 'अंघोळ कशी करता?' यापुढे 'हळूहळू'?"

"मग? हळूहळूच करते की."

"अंघोळीला किती वेळ लागतो, कितीदा पडता, नंतर किती वेळ आडवं व्हावं लागतं, हे लिहायचं. चांगला दिवस नाही सांगायचा, नेहमीचा सांगायचा. आणि तपासणीसाठी माणूस घरी येईल ना, तेव्हा तुम्ही चहा करायचा नाही."

"चा न्हाई?" ग्लेंडाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "घरात आलेल्या मानसाला चा न्हाई?"

"तुम्ही करायचा नाही. ट्रे उचललात तर तो लिहील, ट्रे उचलता येतो. आंटी, तुम्ही करा."

मी हो म्हटलं. ग्लेंडानेही मान हलवली, पण ती मान मी ओळखते.

इथल्या जुन्या माणसांचा एक स्वभाव आहे. त्यांना कसं काय विचारलं, की ते म्हणणार, "बरं चाललंय, तक्रार न्हाई." घरात प्रेत असलं तरी हेच म्हणतील. रॉय गेला त्या दिवशी पोस्टमनने विचारलं तेव्हाही ग्लेंडा हेच म्हणाली होती. आणि दुसरं, घरी आलेल्याला चहाशिवाय जाऊ द्यायचं नाही, आणि उठला की उंबऱ्यावरून टाटा करायचा नाही. त्याच्याबरोबर वाटेने थोडं जायचं, निदान कोपऱ्यापर्यंत. या सोबत करण्याला त्यांच्या जुन्या बोलीत खास वेगळा शब्द आहे. आमच्या गल्लीचा कोपरा, जिथे लाल टपालपेटी आहे, तो ग्लेंडाच्या दारापासून सात घरं खाली आहे.

तपासणीच्या दिवशी मी दहाला तिच्याकडे गेले तर मला रडू की ओरडू असं झालं. केस सेट केलेले. ओठांना लिपस्टिक. छातीवर आईचा ब्रोच. समोरच्या खोलीत निळ्या काठाचे चांगले कप ट्रेमध्ये मांडून तयार, बशीत बिस्किटांचं चांदणं. हे सगळं करायला ती पहाटे पाचला उठली होती आणि मधेमधे पायरीवर बसून दम खात होती, हे तिनेच मला अभिमानाने सांगितलं.

"अगं, तुला काय सांगितलं होतं फरीदाने?"

"चा तू ओत. कप म्या मांडले, त्याला काय हुतंय?"

तो आला. चाळिशीचा, टक्कल पडलेला, मांडीवर लॅपटॉप. कुठल्यातरी कंपनीला हे तपासणीचं काम दिलेलं असतं, तिचा माणूस. वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, ग्लेंडा त्याच्याशी भांडली तरी असती.

"कशा आहात?" त्याने विचारलं.

"बरं चाललंय बाळा, तक्रार न्हाई."

त्याची बोटं चालली. काय टाइप केलं असेल हे मला तिथे बसल्या बसल्या वाचता येत होतं.

"स्वयंपाक करता?"

"करते की थोडं थोडं."

"ग्लेंडा," मी म्हटलं, "मंगळवारी भाताचं पातेलं कुठे पडलं ते सांग."

"त्यांनाच बोलू द्या, प्लीज," तो म्हणाला. नियम असेल त्याचा.

"जिना चढता?"

"बुडावर बसून चढते. तान्ही पोरं चढत्यात तसं!" आणि स्वतःच खो खो हसली. तोही हसला. बोटं चालली.

मी चहा ओतायला उठणार, तेवढ्यात ही बया उठली, कपाटापासून टेबलापर्यंतची तीन पावलं, हातात ट्रे, आणि ठेवला त्याच्यापुढे. कप किणकिणत होते. मला ऐकू येत होते, त्याला येत नव्हते. "घे बाळा, बिस्किट घे, वाळलायस निस्ता."

तासाभराने तो उठला. ग्लेंडा मला म्हणाली, "सुधे, तेवडे कप धुतेस? आईचे हाईत, राहिले की डाग पडत्यात." मी कप घेऊन आत गेले. हीच माझी चूक. नळ सुरू होता म्हणून मला पुढचं दार ऐकू आलं नाही. हात पुसत बाहेर येते तर खोली रिकामी, काठी दाराशी छत्र्यांच्या डब्यात तशीच. पाहुण्याला सोडायला काठी घेऊन कोण जातं!

रस्त्यावर पाहिलं तर दोघं थेट कोपऱ्यावर. ग्लेंडा टपालपेटीला टेकून हात लांब करून त्याला रस्ता दाखवत होती. आमच्या गल्लीत नवखा माणूस फसतोच. वरचं टोक गिरणीच्या भिंतीने बंद आहे आणि खाली कोपऱ्यावर रुंद रस्ता उजवीकडे दिसतो, पण हायवेला जायचं तर डावीकडे, चर्चच्या मागच्या बोळातून जावं लागतं. तो मान हलवत होता. तिथेच लावलेल्या गाडीत बसला, हात केला, गेला.

ती सात घरं ती कशी गेली, तर प्रत्येक घराच्या खिडकीचा कठडा धरत, गप्पा मारत मारत. बघणाऱ्याला वाटावं, बाई रमतगमत चाललीय. परत येताना मात्र कठडे धरूनही जमेना. पाचव्या घराशी तिचे पाय गेले. मी स्वयंपाकघरातली खुर्ची आणली. एका घरापुरतं तिला काखेत धरून ओढायचं, खुर्चीवर बसवायचं, दम खाऊ द्यायचा, पुन्हा पुढच्या घरापर्यंत. वीस मिनिटं लागली.

"मूर्ख बाई," मी म्हणत होते. "मूर्ख, मूर्ख, मूर्ख."

"त्याला रस्ता सापडला नसता गं," ती म्हणाली.

पुढचे दोन दिवस ती पलंगावरून उठली नाही. भिंतीपलीकडून ना धप्प ना शिवी.

निकालाचं खाकी पाकीट दीड महिन्याने आलं. ग्लेंडाने ते दोनदा वाचलं आणि मला दिलं. 'नीटनेटका पोशाख व केशरचना. मनःस्थिती उत्तम. भरलेला ट्रे सुरक्षितपणे वाहून नेला. मुलाखतीनंतर साधारण तीस मीटर अंतर कोणत्याही साधनाविना चालताना पाहिले.' गाडीपुरता भत्ता नामंजूर.

"त्यानं लिवलंय की माझी मनस्थिती उत्तम हाय," ती म्हणाली. आणि मग हळूच, "म्हंजे गाडी जानार?"

मी त्या दिवशी तिच्यावर जे ओरडले ते गल्लीने ऐकलं. आ बैल मुझे मार म्हणून स्वतः निमंत्रण दिलंस, म्हटलं. ट्रे उचललास, कोपऱ्यापर्यंत गेलीस, आणखी काय नाच करून दाखवायचा राहिला होता? ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मग काय करू? पाव्हन्याला दारातनंच हाकलू? माज्या आईनं वसुलीवाल्यालासुदा कोपऱ्यापतोर सोडलं हुतं."

फरीदाने फेरविचाराचा अर्ज केला. उत्तर आलं, निर्णय योग्य आहे. मग न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. तारीख कधी मिळेल सांगता येत नाही, तोवर गाडी परत करा.

गाडी न्यायला ट्रक घेऊन माणूस आला त्या दिवशी ग्लेंडाने त्याला चहा दिला. खरंच दिला, मी काही पदरचं सांगत नाही. तो बिचारा कप हातात धरून उभा होता, तिच्याकडे बघत नव्हता. गाडीच्या आरशाला लटकवलेली रॉयची चावीची साखळी तिने काढून घेतली आणि म्हणाली, "क्लच जरा कडक हाय, सांगा पुडच्याला." हातांनी चालवायच्या त्या गाडीला क्लच नव्हताच. काहीतरी बोलायचं म्हणून बोलली.

मग प्लंबरांनी पाळ्या लावल्या. रोज एकजण सकाळी व्हॅन घेऊन दारात. पण व्हॅनची पायरी कमरेइतकी. एकजण वर ओढणार, दुसरी मी खालून ढकलणार, आणि ग्लेंडा मधे लोंबकळत म्हणणार, "पोतं हाय, बटाट्याचं पोतं, सांबाळून!" सातव्या आठवड्यात पावसाने पायरी ओली होती. ती पडली, मनगट मोडलं. तिने क्लाइव्हला फोन केला आणि म्हणाली, माझ्यापायी पोरांची कामं बुडायला नकोत. क्लाइव्हने अडीच महिने जागा रिकामी ठेवली. मग काउंटरवर एक पडदा बसवला, बोटाने दाबायचा. प्लंबर आता त्या पडद्याला "ते वाकडं असतं ना" म्हणतात आणि तो गप्प बसतो.

मला यातली गंमत अशी वाटते, की तेव्हा मंत्री टीव्हीवर रोज सांगत, आम्हाला अपंगांना कामाला लावायचंय. ही बाई कामाला लागलेली होती. तुम्ही तिची चाकं काढून घेतलीत आणि तिला घरी बसवलंत. आता तिला घरी बसायचा वेगळा भत्ता देता आणि त्यासाठी वेगळी तपासणी करता. याला अक्कल म्हणायचं का? मी हे पत्रात लिहून आमच्या खासदाराला पाठवलं. उत्तर आलं, आपल्या भावना पोहोचल्या.

अकरा महिन्यांनी तारीख आली. तीन माणसं टेबलापलीकडे: एक न्यायाधीश बाई, एक डॉक्टर, आणि व्हीलचेअरवरचे एक गृहस्थ. फरीदाने ग्लेंडाला आठवडाभर घोटवून घेतलं होतं. सगळं सांगायचं. लाजायचं नाही. ग्लेंडाने भिंतीकडे बघत सांगितलं: संडासला पोचेपर्यंत काय होतं, किती वेळा होतं, चादरी कोण धुतं. आवाजात चढ नाही, उतार नाही, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. मी मांडीवरच्या पर्सचा पट्टा पिळत होते. चादरी मी धुते, पण ही गोष्ट आम्ही दोघींनी कधी एकमेकींशीसुद्धा बोललेली नव्हती.

मग न्यायाधीश बाईंनी अहवाल उघडला. "इथे लिहिलंय, तुम्ही कोपऱ्यापर्यंत चालत गेलात. खरंय?"

"खरं हाय."

"परत कशा आलात?"

ग्लेंडाने पहिल्यांदा मान वर केली. एवढ्या महिन्यांत, एवढ्या कागदांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "न्हाई आले," ती म्हणाली. "आनलं मला. खुर्चीवर."

माझी साक्ष झाली, खुर्चीची हकिगत सांगितली. अर्ध्या तासात निकाल: भत्ता चालू. दारात फरीदा रडली, मी रडले. ग्लेंडा म्हणाली, "त्या बाईंना कुनी चा दिला का न्हाई?"

गाडी आली, या वेळी राखाडी. नोकरी आली नाही. आणि नव्या कागदावर मुदतीच्या रकान्यात 'कायम' नव्हतं. तिथे होतं, दोन वर्षं. म्हणजे न बरा होणारा आजार दोन वर्षांत बरा झाला का, ते पुन्हा बघणार.

दोन वर्षं काय, डोळ्याचं पातं लवेस्तोवर जातात. पुन्हा पत्र, पुन्हा तारीख. तेव्हाचा निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला लागायला नको: गाडी राहिली. पण त्या दिवशीचं मला सांगायचंय ते वेगळंच.

आदल्या संध्याकाळी भिंतीवर चमचा वाजला. गेले तर ग्लेंडा खुर्चीत बसलेली, मांडीवर केटल.

"ही तुज्याकडं ने. समोर दिसली तर हात जाईल माजा."

"आणि कप?"

"कपबी ने."

सकाळी मी गेले तेव्हा तिने माझाच बागेत घालायचा जुना स्वेटर अंगात चढवला होता. केस तीन दिवस न विंचरलेले. ब्रोच नाही. काठी मांडीवर आडवी. खोलीत टेबल होतं पण टेबलावर काहीच नव्हतं. त्या खोलीत इतक्या वर्षांत रिकामं टेबल मी पहिल्यांदा पाहिलं. मला ती कुणा दुसऱ्याच्या घरात बसल्यासारखी वाटली.

या वेळी आली ती बाई होती, पन्नाशीची, सर्दीने बेजार. नाक लाल, दर दोन वाक्यांना खोकला. "माफ करा हं," म्हणून पुन्हा खोकायची. त्या प्रत्येक खोकल्याला ग्लेंडाची बोटं काठीवर घट्ट होत होती. मला माहीत होतं तिच्या डोक्यात काय चाललंय: आलं, लिंबू, मध, गरम पाणी, आईचा निळा कप.

"कशा आहात?" बाईने विचारलं.

ग्लेंडाने रिकाम्या टेबलाकडे पाहिलं. "बरी न्हाई," ती म्हणाली.

आणि मग तासभर खरं बोलली, सगळं. जिना, चादरी, पातेली, पडणं. बाईने नीट ऐकून घेतलं, नीट विचारलं. खोकत खोकत टाइप केलं. शेवटी लॅपटॉप मिटला, पिशवीत ठेवला, उठली. ग्लेंडा बसूनच राहिली.

"येते मी," बाई म्हणाली. दाराशी जाऊन वळली. "अहो, हायवेला कसं जायचं इथून? येताना दोनदा चुकले मी."

फरीदाने सांगून ठेवलं होतं की रस्ता ठरवता येतो का, याचेही तपासणीत गुण असतात, आला तर कमी, आणि काय कशात धरतील याचा नेम नाही. ग्लेंडा चटईकडे बघत होती. ज्या गल्लीत ती जन्मली, जिथून तिने आईला नेलं, रॉयला नेलं, जिच्या विटांचा रंग ती डोळे मिटून सांगेल, त्या गल्लीतून बाहेर पडायचा रस्ता.

"मला न्हाई म्हाईत," ती म्हणाली.

मी उठायला लागले. तिने माझं मनगट धरलं. सहसा तिच्या हातात जोर नसतो, त्या दिवशी होता. मी खाली बसले. बाई "असू दे, असू दे, सापडेल," म्हणत खोकत बाहेर पडली.

एवढ्या वर्षांत ग्लेंडा माझ्यासमोर खोटं बोलली ती एवढं एकदाच. खोटारड्यांना पकडायला म्हणून हे नियम आवळले होते ना? घ्या, आता एक तयार झाली.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. गाडी गल्लीत वर गेली. अर्थात वरच गेली, सगळे नवखे जातात. गिरणीच्या भिंतीशी थांबली असणार. मग उलटी येत खिडकीपुढून गेली, खाली कोपऱ्यापर्यंत. ग्लेंडाने काठीच्या टोकाने पडदा बोटभर सरकवला होता. टपालपेटीशी गाडी थांबली, क्षणभर विचार केला आणि उजवीकडे वळली.

"डावीकडं, बाये," ग्लेंडा पडद्याआडून कुजबुजली. "डावीकडं. चर्चच्या मागनं."

पाच मिनिटांनी गाडी पुन्हा कोपऱ्यावर दिसली, पुन्हा चुकली. ग्लेंडाचे ओठ हलत राहिले, आवाज नव्हता. तिसऱ्या खेपेला गाडी डावीकडे वळली आणि दिसेनाशी झाली. ग्लेंडाने पडदा सोडला.

"तशीच गेली गं," ती म्हणाली. "कोरड्या घशानं."

तिने स्वेटरच्या बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाली, "जा, केटल घिऊन ये." मी शेजारी जाऊन केटल आणि कप घेऊन आले.